छेदात क्ष असलेली समीकरणं कशी सोडवावीत

हे समीकरण घ्या:

क्ष/(क्ष − २) − १/(क्ष + २) = ८/(क्ष² − ४)

आधी छेदांचे अवयव पाडा. क्ष² − ४ म्हणजे (क्ष − २)(क्ष + २), म्हणजे लसावि आयताच मिळाला. ‘तिरकस गुणाकार करून टाका’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो दोन्ही बाजूंना एकेकच अपूर्णांक असेल तेव्हाच सरळ लागू पडतो. इथे डावी बाजू एकत्र करून तिरकस गुणलंत, तर क्षचा चौथा घात अंगावर येईल.

गुणाकाराला हात घालण्याआधी कागदाच्या कोपऱ्यात लिहा: क्ष ≠ २, क्ष ≠ −२. या किमतींना छेद शून्य होतो. ‘शेवटी बघू’ म्हणणारे शेवटी बघत नाहीत.

आता प्रत्येक पदाला लसाविने गुणा:

क्ष(क्ष + २) − (क्ष − २) = ८

वजाच्या पुढचा कंस ठेवाच. तो गाळलात तर क्ष² + क्ष − १० = ० येतं, त्याचे पूर्णांकात अवयव पडत नाहीत आणि मग उदाहरणच चुकीचं छापलंय असं वाटू लागतं. कंस ठेवलात तर क्ष² + क्ष − ६ = ०, म्हणजे (क्ष + ३)(क्ष − २) = ०. उत्तरं −३ आणि २.

इथे मी कितीतरी वेळा मार्क घालवलेत. दोन्ही उत्तरांभोवती चौकट काढून मोकळा व्हायचो. ताळा घ्यायचो, नाही असं नाही. पण घ्यायचो तो क्ष² + क्ष − ६ मध्ये. तिथे २ चपखल बसतो: ४ + २ − ६ = ०. मूळ समीकरणात २ ठेवून बघा, पहिलाच छेद शून्य!

मग हा २ आला कुठून? आपणच आणला. ५ = ७ हे खोटं आहे, पण दोन्ही बाजूंना शून्याने गुणलं की ० = ० मिळतं आणि ते खरं असतं. क्ष २ असताना आपला लसावि शून्यच आहे, म्हणजे नकळत आपण हेच केलं. म्हणून पायऱ्या दहादा तपासल्या तरी चूक सापडत नाही. चूक झालेलीच नसते. ताळा मूळ समीकरणातच घ्यायचा, मधल्या कुठल्याही ओळीत नाही.

२ खोडा. −३ ठेवा: डावीकडे ३/५ + १ = ८/५, उजवीकडे ८/(९ − ४) = ८/५. जमलं. कोपऱ्यातल्या यादीत −३ नाही म्हणून हे टाळू नका. ती यादी आकडेमोडीतली चूक पकडत नाही.

कधी कधी सगळीच उत्तरं खोडली जातात. क्ष/(क्ष − ५) = ५/(क्ष − ५) सोडवलं की फक्त ५ येतो आणि तोच चालत नाही. अशा वेळी ‘उकल नाही’ असं बेधडक लिहा.