कॉन्टॅक्टरच्या अलीकडचा मेगर

ईटीओ, म्हणजे जहाजाचा इलेक्ट्रिकल अधिकारी म्हणून पहिल्या जहाजावर चढलो तेव्हा चार्ज देणाऱ्याने वहीत लिहून ठेवलं होतं, '440 अर्थ फॉल्ट अलार्म अधूनमधून, नॉर्मल.' म्हणजे 440 व्होल्टच्या लाइनची वीज इन्सुलेशन खराब होऊन जहाजाच्या लोखंडात गळतेय. मीही मान डोलावली.

घरी एक वायर ओली झाली की ईएलसीबी पडतो. जहाजावर न्यूट्रल हलला, म्हणजे जहाजाच्या लोखंडी सांगाड्याला, जोडलेला नसतो, त्यामुळे पहिल्या फॉल्टला काहीच ट्रिप होत नाही. स्विचबोर्डवरच्या तीन अर्थ दिव्यांपैकी फॉल्टवाल्या फेजचा दिवा मंदावतो, बाकीचे दोन झगझगतात, बस. ऐन अरुंद जलमार्गात स्टिअरिंग जाऊ नये म्हणून ही सोय. पण दुसऱ्या फेजवर दुसरा फॉल्ट आला की हलमधूनच शॉर्ट. तेव्हा 'नॉर्मल' विसरा. अलार्मचं सेटिंग खाली ओढून निवांत झोपणारे ईटीओ मी पाहिलेत. त्यांच्याकडून फक्त चहा घ्यावा, धडे नकोत.

सेकंड साबला (सेकंड इंजिनिअरला) सांगून मी एकेक ब्रेकर पाडला, 500 व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं मीटर, लावला. गॅली, लाँड्री, फ्रीज, सगळीकडे 50 मेगओहमच्या वर, म्हणजे उत्तम. वहीत 'क्लिअर' लिहिलं. रात्री 2 ला अलार्म, थोड्या वेळाने आपोआप गप्प. अशा तीन रात्री.

आता हे नीट ऐका. ब्रेकर पाडला की पुढच्या पॅनलमधला कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटर-हीटर चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच, तोही सुटतो. बोर्डावरून मारलेला मेगर त्या कॉन्टॅक्टरपर्यंतची केबल मोजतो, पुढची मोटर किंवा हीटर त्याला दिसतच नाही. माझे 50 मेगओहम केबलचे होते! पुन्हा सांगतो, कॉन्टॅक्टरच्या खालच्या टर्मिनलवर मेगर मारा. आधी लॉक-टॅग, टेस्टरने डेड चेक, आणि इलेक्ट्रॉनिक कार्डं सोडवलेली. कार्ड जळालं तर मेगरला दोष देऊ नका.

शोध लावला आमच्या फिटर काकांनी. अलार्म लॉग चाळत म्हणाले, "अरे, 2, 8, 14, 20... हा मीट रूमच्या डिफ्रॉस्टचा टाइम." दिवसाचे अलार्म वॉचवाला बझर दाबून गप्प करायचा, आणि मी लॉग उघडलाच नव्हता. डिफ्रॉस्ट हीटरच्या कॉन्टॅक्टरखाली मेगर मारला, फक्त 0.02 मेगओहम. टर्मिनल बॉक्सचं गॅस्केट कुजलेलं, आत वितळलेल्या बर्फाचं पाणी.

पहिल्या कॉन्ट्रॅक्टला तीन रात्री गेल्या तर जाऊ द्या, सगळ्यांच्या जातात. आणि 220 च्या बोर्डाचे दिवे वेगळे बघा. मध्ये ट्रान्सफॉर्मर आहे, तिथला फॉल्ट 440 वर उमटत नाही.