होम थिएटर नीट वाजवायचं असेल तर आधी स्पीकर हलवा, माईक नंतर लावा

मावशीकडे नवीन ५.१ सिस्टीम (पाच स्पीकर आणि खोल बेससाठी एक सबवूफर) बसवली आणि आठवड्याभरात तिचा फोन, अरे गाड्या, बंदुका, पाऊस सगळं धडाधड ऐकू येतं पण माणसं काय बोलतात तेच कळत नाही, सारखा रिमोट हातात घेऊन बसावं लागतं. जाऊन बघितलं तर बसवणाऱ्याने चार स्पीकर छताला लागून टांगलेले, सेंटर म्हणजे मधला स्पीकर शोकेसच्या कप्प्यात आत ढकललेला आणि सबवूफर कोपऱ्यात, कारण तिथे सॉकेट होतं. सामान एकदम चांगलं होतं. रविवारची एक दुपार गेली, नवीन काही घेतलं नाही, आणि संध्याकाळी तिने अख्खा पिक्चर आवाज कमीजास्त न करता बघितला. त्या दुपारी जे जे केलं ते तसंच लिहितोय.

सुरुवात सोफ्यापासून करा. आपल्याकडे सोफा हमखास मागच्या भिंतीला चिकटलेला असतो आणि भिंतीजवळ बेस फुगतो, त्यामुळे सगळं घुमल्यासारखं वाटतं. फूट-दीड फूट जरी पुढे ओढता आला तरी ओढा. बरोबर मध्यावर मात्र बसू नका. १६ फूट लांबीच्या हॉलमध्ये साधारण ३५ हर्ट्झचा बेस दोन्ही भिंतींजवळ जोरात आणि अगदी मध्यावर जवळजवळ गायब असतो, १० फूट रुंदीसाठी तोच प्रकार ५६ हर्ट्झच्या आसपास. हे खोलीच्या मापामुळे होतं, सबवूफर कितीही महाग असला तरी.

मग पुढचे डावा-उजवा. बसायची जागा टीव्हीपासून ९ फुटांवर असेल तर हे दोघं एकमेकांपासून ७ ते ९ फुटांवर हवेत, ट्वीटर म्हणजे तो छोटा घुमट बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, आणि तोंड किंचित सोफ्याकडे वळवलेलं. सेंटर टीव्हीच्या बरोबर खाली किंवा वर. टीव्ही युनिटवर ठेवणार असाल तर पार पुढच्या कडेपर्यंत आणा, नाहीतर आवाज आधी लाकडावर आपटतो आणि शब्द गढूळ होतात, आणि खालून रबराचे तुकडे लावून तोंड कानाकडे वर करा. संवादांचा बहुतेक भाग या एकाच स्पीकरमधून येतो म्हणून त्याला सगळ्यात चांगली जागा द्या, फ्लॉवरपॉट दुसरीकडे गेला तरी चालेल. मावशीकडे निम्मा फरक इथेच पडला.

उरलेले दोन म्हणजे सराउंड. ते पाठीमागे लावायचे असतात ही गैरसमजूत फार आहे. ५.१ मध्ये त्यांची जागा बसणाऱ्याच्या बाजूला आणि किंचित मागे, समोरून मोजलं तर ११० ते १२० अंशांवर, कानापेक्षा एक-दोन फूट वर. सोफा भिंतीलाच टेकलेला असेल तर बाजूच्या भिंतींवर, सरळ कानांच्या रेषेत लावा. एका बाजूला बाल्कनीचा दरवाजा असतोच, तिथे भिंत मिळत नाही, तर त्या बाजूचा स्पीकर स्टँडवर घ्या. दोन्हीकडचं अंतर थोडं वेगळं असलं तरी रिसीव्हर, म्हणजे सगळे स्पीकर ज्याला जोडतो तो अॅम्पचा डबा, ते सांभाळून घेतो.

वायर आधी सुतळीने मोजा, स्कर्टिंगच्या कडेने नेली की १६ फुटांच्या हॉलमध्येसुद्धा सराउंडला ३० फूट सहज लागते. १६ गेजची शुद्ध तांब्याची वायर घरात पुरते, त्या ३० फुटांहून लांब असेल तर १४ (गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड). स्वस्तातल्या वायरमध्ये तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम असतं, ब्लेडने खरवडलं आणि आतून पांढरं निघालं तर घेऊ नका. लाल लालला, काळी काळीला, हे पाचही ठिकाणी दोनदा तपासा. एकच जोड उलटा झाला तरी बेस पातळ होतो आणि आवाज मधून न येता कुठूनतरी तरंगत आल्यासारखा वाटतो.

आता सबवूफर, इथे घाई करू नका. त्याची जागा शोधायची सगळ्यात चांगली पद्धत थोडी विचित्र दिसते पण खरंच काम करते. सबवूफर उचलून तुमच्या बसायच्या जागेवर सोफ्यावर ठेवा, एकसारखा चालणारा बेस असलेलं एखादं गाणं रिपीटवर लावा, आणि तुम्ही गुडघ्यांवर रांगत भिंतीभिंतीने फिरा, कान जमिनीपासून फूटभर वर. काही ठिकाणी नुसतं घुमेल, काही ठिकाणी बेस नाहीसाच होईल, आणि एक-दोन जागा अशा सापडतील जिथे प्रत्येक सूर वेगवेगळा आणि सारख्या जोराचा ऐकू येतो. सबवूफर तिथे न्या. कोपऱ्यात आवाज सगळ्यात मोठा येतो हे खरं, पण मोठा म्हणजे चांगला नाही. मावशीकडे ती जागा टीव्ही युनिट आणि खिडकीच्या मधे सापडली, सॉकेटसाठी एक चांगलं एक्स्टेन्शन घेतलं झालं.

सबवूफरच्या मागचे नॉब: क्रॉसओव्हर (किती हर्ट्झच्या खालचा आवाज सबवूफरने वाजवायचा ती सीमा) पूर्ण मॅक्सला किंवा एलएफई वर (एलएफई म्हणजे पिक्चरमधला बेसचा वेगळा ट्रॅक), कारण ती सीमा ठरवायचं काम रिसीव्हर करणार, दोघांनी मिळून करायचं नाही. आवाजाचा नॉब घड्याळात १२ वाजतात तिथे. फेज, म्हणजे सबवूफरचा आवाज बाकीच्या स्पीकरशी जुळवणारा स्विच, आत्ता शून्य. आणि हम्म असा आवाज येत असेल तर आधी सेट टॉप बॉक्सला येणारी केबल काढून बघा, बऱ्याचदा तिथूनच येतो. अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, जिवाशी खेळ आहे तो.

इतकं झालं की मगच रिसीव्हरचा माईक बाहेर काढा, खोलीतला आवाज मोजून रिसीव्हर स्पीकर आपोआप जुळवतो तो. या जुळवणीला डेनॉन-मरँट्झमध्ये ऑडिसी म्हणतात, यामाहात वायपाओ, नाव काहीही असो काम साधारण सारखंच. पंखा, एसी बंद, खिडक्या बंद, आणि किचनमध्ये कुकर असेल तर शिट्ट्या होईपर्यंत थांबा. माईक हातात धरायचा नाही, सोफ्याच्या पाठीवरही नाही, कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर कानाच्या उंचीला. सोफा लेदरचा असेल तर पाठीवर जाड रजई टाका. पहिलं माप मुख्य जागेवर, कारण अंतर आणि लेव्हल त्यावरून ठरते, पुढची मापं त्याच्या दीड-दोन फुटांच्या आत. हॉलच्या चार कोपऱ्यांत माईक फिरवू नका, तिथे कोणी बसणार नाहीये.

माप झालं की मेनूत जाऊन स्वतः बघा, मशीन जे ठरवेल ते सगळंच बरोबर नसतं. स्पीकर लार्ज दाखवत असेल तर स्मॉल करा, म्हणजे त्याचा बेस सबवूफरकडे जाईल, आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ, चार इंची वूफरचे छोटे स्पीकर असतील तर १०० किंवा १२०. रिसीव्हरने ठरवलेला क्रॉसओव्हर वाढवला तर चालतो, कमी करू नका. एलएफई अधिक मेन असा पर्याय असेल तर फक्त एलएफई ठेवा. सबवूफरची लेव्हल उणे १२ ला जाऊन टेकली असेल तर मागचा नॉब कमी करून सगळं परत मोजा, उणे ३ ते उणे ८ च्या मधे कुठेतरी आली की झालं. सबवूफरचं अंतर खऱ्यापेक्षा चार-पाच फूट जास्त दाखवेल, ते बदलू नका, त्याच्या आतल्या सर्किटला जो उशीर लागतो तो रिसीव्हर अंतरात धरतो.

फेज तपासायला ८० हर्ट्झचा टोन पुढच्या दोन स्पीकरवर आणि सबवूफरवर एकत्र वाजवा, तुम्ही जागेवर बसा आणि घरातल्या कुणाला तरी स्विच शून्य आणि १८० करायला सांगा. ज्यात तुम्हाला आवाज मोठा येतो ते बरोबर.

पाचही स्पीकरची लेव्हल सारखी आली का ते टेस्ट टोन लावून फोनच्या मीटर अॅपने बघता येतं. आकडा अचूक नसतो पण एकमेकांत तुलना चालते, फक्त सबवूफरसाठी फोनवर विश्वास ठेवू नका, फोनचा माईक इतका खालचा आवाज नीट पकडत नाही. ज्यांना खोलात जायचंय त्यांनी युमिक नावाचा यूएसबी माईक आणि आरईडब्ल्यू हे फुकट सॉफ्टवेअर घ्यावं. ग्राफमध्ये जो उंचवटा दिसेल तो कापा, खड्डा मात्र भरायला जाऊ नका, १० डेसिबल वाढवायचे तर अॅम्पला दहापट ताकद लावावी लागते आणि खड्डा तरी तिथेच राहतो. तो सबवूफर किंवा सोफा हलवूनच जातो.

टीव्हीची सेटिंग विसरू नका, टीव्हीतल्या अॅपवरून बघत असाल आणि ऑडिओ आउटपुट पीसीएम वर असेल तर बहुतेक वेळा रिसीव्हरला फक्त स्टिरिओ मिळतो, आणि आपण सराउंडला दोष देत बसतो. तो ऑटो किंवा पासथ्रू करा आणि वायर एआरसी लिहिलेल्या एचडीएमआय पोर्टलाच लावा.

आणि टाइल्स. रिकाम्या हॉलमध्ये टाळी वाजवून बघा, झणझण आवाज मागे राहिला तर सोफा आणि टीव्हीच्या मधे जाड गालिचा किंवा दुहेरी सतरंजी टाका, काचेवर जाड पडदा. हे कुठलाही माईक करू शकत नाही.

एवढं करूनही बोलणं कमी वाटलं तर फक्त सेंटर एक-दोन डेसिबल वाढवा. रात्री दहानंतर नाईट मोड लावा आणि सबवूफर ५-६ डेसिबल कमी करा, बेस स्लॅबमधून खालच्या घरात जातो, खाली फोमचा पॅड ठेवला तर थरथर थोडी कमी होते पण आवाज थांबत नाही. शेवटी सगळ्या मेनूंचे फोनवर फोटो काढून ठेवा, दिवाळीच्या साफसफाईत सोफा सरकला किंवा कुणी रिसेट दाबलं तर उपयोगी पडतात. मावशीचे फोटो माझ्याकडेही आहेत.