गावच्या तलावातली मासेमारी: बीज सोडण्यापासून डोह राखण्यापर्यंत

तलावाचा ठेका मच्छीमार संस्थेच्या नावावर आला की पहिली घाई बीज, म्हणजे तलावात सोडायची माशांची पिल्ले, आणायची होते. त्याआधी एक बैठक घ्या. भोई, कोळी, भिल्ल अशी जी घरे तलावावर जगतात ती सगळी बोलवा, गाळपेर करणारे (पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात पीक घेणारे) आणि काठावर मोटारी बसवलेले शेतकरीही बोलवा. जाळ्याचा आस (एका डोळ्याचा आकार) किती, बंदी कधी, दंड किती, हे तिथेच ठरवून लिहून काढा. अध्यक्षाच्या भावाला वेगळा नियम असेल तर पुढचे काहीच टिकत नाही.

बीज किती लागेल? पूर्ण भरल्यावरचे क्षेत्र धरू नका. धुळे-नंदुरबारकडचे लघु प्रकल्प मे महिन्यात निम्म्याहून खाली जातात. भरलेला तलाव 60 हेक्टर आणि उन्हाळ्यात 20 उरत असेल तर सरासरी 40 धरा. लहान तलावाला हेक्टरी 1,000 ते 2,000 बोटुकली (बोटाएवढी वाढलेली पिल्ले) चालते. 1,500 धरली तर 60,000 लागतील: कटला 24,000, रोहू आणि मृगळ प्रत्येकी 18,000. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी, म्हणून तिघांची एकमेकांशी ओढाताण कमी होते. स्वस्त मिळते म्हणून मत्स्यजिरे (अंड्यातून नुकतीच निघालेली बारीक पिल्ले) थेट तलावात टाकू नका. मरळ आणि इतर शिकारी मासे ते फस्त करतात. 80 ते 100 मिलिमीटरची बोटुकलीच घ्या.

मोजणी सगळ्यांसमोर करा. जाळीचा एक पेला ठरवा; सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी एकेक पेला परातीत ओतून एक-एक मासा मोजा, सरासरी काढा आणि एकूण पेल्यांनी गुणा. पाणी नीट निथळले नाही तर पेल्यात मासे कमी आणि पाणी जास्त येते. बीज कमी भरते ते इथेच.

सांडवा वाहत असताना बीज सोडले की ते पाण्याबरोबर निघून जाते. सांडवा थांबल्यावर, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी सोडा. पिशव्या न उघडता 15 ते 20 मिनिटे पाण्यावर तरंगू द्या, मग तोंड उघडून तलावाचे पाणी थोडेथोडे आत घ्या. बोटुकली आपणहून बाहेर पोहत जाईल; पिशवी उपडी करू नका. एकदम बदललेल्या तापमानाने मेलेली बोटुकली दुसऱ्या दिवशी काठाला लागलेली दिसते.

आता जाळे. आस ताणून मोजल्यावर 100 मिलिमीटर, म्हणजे साधारण चार इंच, यापेक्षा कमी नको. बारीक आसाचे जाळे बहुतेकदा चिलापीच्या (तिलापिया माशाच्या) नावाखाली येते आणि त्यात रोहूची पोरे अडकतात. चिलापीसाठी काठाला फेकजाळे पुरे. अडकलेले बीज लगेच परत सोडायचे. मोजपट्टी राखणदाराच्या हातात द्या.

जून-जुलैत नाल्याच्या तोंडाशी आडवे जाळे लावू नका. पहिल्या पुराला गावठी मासे अंडी घालायला वर चढतात. ते चढणीचे मासे पकडले तर पुढच्या वर्षी तुमच्याच जाळ्यात गावठी मासा कमी येतो. कटला, रोहू आणि मृगळ मात्र साठलेल्या पाण्यात सहसा वीण घालत नाहीत, त्यांचे बीज दरवर्षी विकतच आणावे लागते. म्हणून रोजच्या विक्रीतून किलोमागे ठरलेली रक्कम बीजनिधीत गेलीच पाहिजे. वजन, जात, भाव आणि कपात वहीत लिहा आणि वही बाजाराच्या दिवशी सगळ्यांपुढे ठेवा.

उन्हाळ्यात पाणी उतरते तशी गर्दी वाढते. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडू लागले तर प्राणवायू कमी पडतोय. त्याच दिवसापासून मोठे मासे काढून गर्दी कमी करा. पूर्ण आटणाऱ्या पाझर तलावातले सगळे मासे मार्च-एप्रिलमध्येच काढून घ्या. मृतसाठा (तळाशी उरणारे, दारातून न निघणारे पाणी) उरत असेल तर सगळ्यात खोल डोहाला झेंडे लावून तिथे जाळे बंद ठेवा. गाळपेरीवर फवारणी झाली असेल तर पंपाची टाकी तलावात धुऊ देऊ नका, हे बैठकीतच लिहून घ्या.