एनटीएफएस-३जीचा सेटयूआयडी बिट कायमचा कसा काढायचा

लिनक्सवर विंडोजची डिस्क उघडणाऱ्या एनटीएफएस-३जी या प्रोग्रामवर सेटयूआयडी बिट (फाइलच्या परवानग्यांतली एक खूण) असेल, तर तो कोणीही चालवला तरी रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या अधिकाराने चालतो. २०१७ मध्ये जाहीर झालेली सीव्हीई-२०१७-०३५८ या क्रमांकाची सुरक्षा-त्रुटी यातूनच आली. फ्यूज हे फाइल सिस्टिमसाठी लागणारं कर्नल मॉड्यूल लोड झालेलं दिसलं नाही की हा प्रोग्राम मॉड्यूल लोड करणाऱ्या मॉडप्रोबला बोलावत असे, आणि बोलावताना वापरकर्त्याचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल जसेच्या तसे पुढे देत असे. मॉडप्रोब त्यातलं मॉडप्रोब_ऑप्शन्स हे व्हेरिएबल निमूटपणे वाचतो. म्हणजे कर्नलमध्ये कुठलं मॉड्यूल घुसवायचं हे साधा वापरकर्ता ठरवू शकत होता. दुरुस्तीत मॉडप्रोबला रिकामं एन्व्हायर्नमेंट दिलं गेलं.

तेवढ्याने भागत नाही. एनटीएफएस-३जीच्या २०२१.८.२२ या आवृत्तीत मुद्दाम बिघडवलेल्या एनटीएफएस इमेजमुळे होणारे बफर ओव्हरफ्लो दुरुस्त झाले. बिट असला तर असे ओव्हरफ्लोही हल्लेखोराला रूटपर्यंत नेतात. त्यामुळे आधी पॅकेज अपडेट करा आणि मग बिट काढाच.

एलएस -एल ही कमांड एनटीएफएस-३जीच्या मूळ फाइलवर चालवा. मालकाच्या परवानगीत आरडब्ल्यूएक्सऐवजी आरडब्ल्यूएस दिसलं, तर बिट आहे. माउंट.एनटीएफएस-३जी ही नुसती सिमलिंक (मूळ फाइलकडे बोट दाखवणारी खूण) असते, तिच्यावर दिसणाऱ्या परवानग्यांना काही अर्थ नाही.

त्या फाइलवर सीएचमॉड यू-एस केल्याने बिट जातो, पण डेबियन-उबुंटूवर पुढच्या अपग्रेडला पॅकेज तो गुपचूप परत लावू शकतं. त्यासाठी आपण ठरवलेल्या परवानग्या अपग्रेडनंतरही टिकवणारी डीपीकेजी-स्टॅटओव्हरराइड ही कमांड रूट म्हणून वापरा: --अपडेट --ॲड रूट रूट ०७५५ (मालक, गट, परवानग्या), आणि शेवटी फाइलचा पाथ. --अपडेट विसरलात तर नोंद होते, फाइल मात्र तशीच राहते. पाथ डीपीकेजी -एस (कॅपिटल एस) दाखवेल तोच द्या. काही ठिकाणी तो बिनमध्ये असतो, काही ठिकाणी यूएसआर-बिनमध्ये. चुकीचा पाथ दिला तर ती नोंद निरुपयोगी. नंतर पुन्हा एलएस करून पाहा.

यानंतर एफएसटॅबमध्ये (माउंटच्या नोंदींच्या फाइलमध्ये) यूजर पर्याय लिहून साध्या खात्यातून केलेलं माउंट परवानगीअभावी अडेल. सुडोने माउंट करा, किंवा डेस्कटॉपवर यूडिस्क्स या डिस्क माउंट करणाऱ्या सेवेवर सोपवा; ते रूटच्या सेवेतून चालतं, म्हणून फाइल मॅनेजरमध्ये क्लिक करून पेनड्राइव्ह पूर्वीसारखाच उघडतो.