अँटिगनीची नवी रूपं वाचायची तर कुठून सुरुवात करायची

पहिली गोष्ट, सोफोक्लीस या ग्रीक नाटककाराचं मूळ 'अँटिगनी' वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. मी आळसाने थेट फ्रेंच आवृत्तीच्या इंग्रजी भाषांतरापासून सुरुवात केली आणि आठवडाभर मला त्यातला राजा क्रेऑनच बरोबर वाटत होता. सोफोक्लीसचं नाटक छोटं आहे, साधारण इसपू 441 मधलं, एका बैठकीत होतं. थीब्ज या ग्रीक शहराच्या गादीसाठी दोन भाऊ एकमेकांना मारतात, नवा राजा मामा क्रेऑन एकाला इतमामाने पुरतो आणि दुसऱ्याला, पॉलिनायसिसला, गिधाडांसाठी उघड्यावर टाकायला सांगतो, आणि त्यांची बहीण अँटिगनी हुकूम मोडून त्याला माती देते. बस एवढंच. आपल्याकडे मूठमाती म्हणतात ना, अगदी तेच, शब्दशः!

आता माझी ट्रिक. सगळं लक्षात ठेवायला जाऊ नका, प्रत्येक आवृत्तीत फक्त त्या मातीचं काय झालं ते बघा, कोणी टाकली, कशाने टाकली. सोफोक्लीसकडे आधी प्रेतावर नुसता धुळीचा पातळ थर असतो, पहारेकरी तो झाडून टाकतात, मग ही परत येते आणि हातांनी कोरडी धूळ टाकते, काशाच्या भांड्यातून तीनदा अर्घ्य देते. परत का आली, एकदा दिली होती ना माती? यावर लोक अजून भांडतात. तुम्ही मार्जिनला तुमचं उत्तर लिहून ठेवा, पुढे लागेल.

मग फ्रेंच नाटककार झाँ आनुईचं घ्या, 1944 चं, जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये पहिला प्रयोग झालेलं. इथे प्रेताजवळ सापडतं ते लहान मुलाचं खेळण्यातलं फावडं, गंजलेलं. मी तिथे पुस्तक मिटून चहा करायला उठलो. आणि याचा क्रेऑन राक्षस नाहीये, बाही वर करून काम करणारा थकलेला माणूस आहे, तो पोरीला सांगतो की दोन्ही प्रेतांचा इतका चेंदामेंदा झाला होता की कुठला भाऊ कुठला ते कळलंच नाही, त्यातल्या त्यात बरं दिसणारं उचललं आणि सरकारी अंत्यविधी केला. म्हणजे ती ज्याच्यासाठी मरायला निघालीये तो तोच आहे का हेही नक्की नाही. हा संवाद दोनदा वाचा, एकदा तिच्या बाजूने, एकदा त्याच्या. घाई करायची असेल तर दुसरीकडे करा.

जर्मन नाटककार ब्रेख्तची 1948 ची आवृत्ती मी खरं सांगतो, थोडी रेटून वाचली. पण सुरुवातीचा बर्लिनचा प्रवेश सोडू नका, एप्रिल 1945, दोन बहिणी, दाराबाहेर फासावर लटकवलेला सैन्यातून पळालेला भाऊ, आणि एकीच्या हातात त्याला खाली उतरवायला सुरी. या प्रवेशात माती नाहीच.

'द आयलंड' (1973, फुगार्ड, जॉन कानी आणि विन्स्टन न्त्शोना) शक्यतो बघा, नुसतं वाचून अर्धंच कळतं. दक्षिण आफ्रिकेतल्या रॉबेन आयलंड तुरुंगातले दोन कैदी तिथे 'अँटिगनी' बसवतायत, पण सुरुवातीला बराच वेळ एक शब्द नाही, नुसती वाळू उपसायची आणि दुसऱ्याच्या खड्ड्यात टाकायची. इथे माती हीच शिक्षा आहे. विन्स्टनला विग आणि खोटी छाती लावून अँटिगनी करायची लाज वाटते, आधी हसू येतं, आणि शेवटी तो विग काढून स्वतःच्या तोंडाने बोलतो तेव्हा हसू जातं. बाय द वे, मंडेलांनी खरोखर त्या बेटावर कैदेत असताना 'अँटिगनी'त काम केलं होतं, आणि भूमिका कुठली तर क्रेऑनची.

शेवटी कामिला शम्सीची 'होम फायर', 2017 ची कादंबरी. लंडनची पाकिस्तानी वंशाची भावंडं, भाऊ इसिसकडे जातो, मारला जातो, आणि ब्रिटनचा गृहमंत्री त्याचा देह देशात येऊ देत नाही. पात्रांचा तक्ता आधी करू नका, इस्मा म्हणजे इस्मिनी, मूळ नाटकातली अँटिगनीची बहीण, हे आपोआप कळतं, जमवत बसलात तर कादंबरी कोड्यासारखी होते. शेवटचा भाग मात्र सलग वाचायला वेळ काढा. कराचीतली बाग, उन्हाळा, बर्फाच्या लाद्यांवर भाऊ आणि शेजारी बहीण बसलेली, त्याला लंडनच्या मातीत न्यायचंय म्हणून, आणि बर्फ वितळतोय.