२५ हजारांत घरासाठी टीव्ही कसा निवडावा

टीव्हीसाठी २५ हजार रुपये बाजूला काढले असतील, तर टीव्ही २२ हजारांपर्यंतचाच बघा. उरलेले पैसे भिंतीचा ब्रॅकेट, सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या अचानक उसळीपासून टीव्ही वाचवणारा), थोडी लांब एचडीएमआय केबल (चित्र आणि आवाज एकत्र नेणारी) आणि जमल्यास वाढीव वॉरंटी यांत जातात. हे आधी ठरवले नाही, तर सगळे पैसे इंचांवर खर्च होतात आणि टीव्ही महिनोन् महिने टेबलावर डुगडुगत राहतो.

जुने सल्ले वाचून ३२ इंचावर अडून राहू नका. २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवर २८ टक्के जीएसटी होता, तो आता १८ टक्के आहे. कराआधी २० हजार किंमत असलेला ४३ इंची टीव्ही पूर्वी २५,६०० ला पडत असे, आता २३,६०० ला पडतो. छोट्या टीव्हीला कमी कराचा जो फायदा होता तो आता उरला नाही, म्हणून निवड आता खोली बघून करायची.

आधी बघा, टीव्हीत येणार काय आहे

घरात मुख्यतः केबलवरच्या मालिका चालतात की मोबाइलसारखी अॅप्स, हा पहिला प्रश्न. केबलच्या साध्या, म्हणजे एसडी वाहिनीच्या चित्रात ७२० × ५७६ ठिपके असतात. ४के पडद्यावर ३८४० × २१६० असतात, म्हणजे आलेल्या प्रत्येक ठिपक्यामागे टीव्हीला २० ठिपके रंगवावे लागतात. स्वस्त टीव्हीतल्या चिपला हे नीट जमत नाही. चेहरे मेणासारखे गुळगुळीत होतात आणि खालच्या पट्टीतली अक्षरे पसरतात. 'नवा टीव्ही घेतला आणि चित्र बिघडले' ही तक्रार बहुतेक वेळा इथून येते. उपाय सोपा आहे: रोज बघता तेवढ्या चार-पाच वाहिन्या एचडीत घ्या, सेट-टॉप बॉक्सही एचडी आहे ना ते तपासा, आणि तो पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांऐवजी एचडीएमआयने जोडा.

अॅप्सवर बघणार असाल तर इंटरनेटचा वेग पाहा. नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी ५ एमबीपीएस आणि ४केसाठी १५ एमबीपीएस सुचवते, आणि ४के फक्त त्यांच्या सर्वांत महाग योजनेत मिळते. तरीही ४३ इंचात ४केच घ्या, असे आमचे मत आहे. फुल एचडीशी किमतीतला फरक आता फारसा उरलेला नाही आणि नवी चिप बहुधा ४के मॉडेलमध्येच येते. ३२ इंचात मात्र १३६६ × ७६८ चे एचडी-रेडी चित्रही चालून जाते.

खोली मोजा

बसता तिथून, म्हणजे डोळ्यांपासून, भिंतीपर्यंत टेप लावा. साडेपाच ते आठ फूट अंतराला ४३ इंच योग्य, चार ते साडेपाच फुटांना ३२. ४३ इंची टीव्ही साधारण ९६ सेंमी रुंद आणि ५६ सेंमी उंच असतो. जुन्या शोकेसच्या खणात बसवणार असाल, तर चारही बाजूंनी निदान ५ सेंमी जागा सोडा. बंद खणात गरम हवा कोंडते आणि पडद्यामागचे एलईडी दिवे लवकर जातात. त्याच पैशांत कुणी ५० किंवा ५५ इंच देत असेल, तर पैसे कुठे कापले ते शोधा. बॅकलाइटच्या, म्हणजे पडद्यामागच्या दिव्यांच्या, पट्ट्या कमी, रॅम १ जीबी, किंवा गावात सर्व्हिस नाही, यांपैकी काहीतरी सापडेलच.

पॅनेल: पैसे इथे घाला

या किमतीतले जवळजवळ सगळे टीव्ही एलसीडीच असतात; 'एलईडी' हा मागचा दिवा, आणि 'क्यूएलईडी' म्हणजे त्याच रचनेत रंग सुधारणारा एक थर. पॅनेल, म्हणजे चित्र दिसणारा पडदा, दोन जातींचे असते. व्हीए पॅनेलमध्ये काळा रंग खोल दिसतो, पण बाजूने पाहिले की चित्र फिके पडते. आयपीएस बाजूनेही नीट दिसते, पण अंधाऱ्या खोलीत काळ्याचा राखाडी होतो. हॉलमध्ये कुणी सोफ्यावर, कुणी जमिनीवर, कुणी स्वयंपाकघराच्या दारातून बघत असेल, तर आयपीएस घ्या. रात्री दिवा मालवून समोर बसून बघणाऱ्यांनी व्हीए घ्यावे. माहितीपत्रकात हे बहुधा लिहिलेले नसते, म्हणून दुकानात पडद्याच्या बाजूला ४५ अंशांवर उभे राहून बघायचे.

खोक्यावरच्या एचडीआरच्या (उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणाऱ्या चित्राच्या) चिन्हासाठी जास्त पैसे देऊ नका. टीव्हीला तो सिग्नल वाचता येतो, एवढाच त्याचा अर्थ. तो खुलून दिसायला जो उजेड लागतो, तो या पॅनेलांत नसतो. 'डॉल्बी ऑडिओ' हेही आवाज उलगडण्याचे तंत्र आहे, त्याने स्पीकर मोठा होत नाही. आवाजासाठी २० वॉट किंवा जास्त बघा, आणि पुढे साउंडबार लावता यावा म्हणून एका एचडीएमआयवर 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' (टीव्हीचा आवाज त्याच केबलने साउंडबारला देणारी सोय) लिहिलेले हवे.

चिप, मेमरी आणि जोडण्या

टीव्ही चालवणारी प्रणाली म्हणून गूगल टीव्ही, वेबओएस, टायझेन किंवा फायर टीव्ही यांपैकी काहीही चालेल. नुसते 'अँड्रॉइड' लिहिलेला अनोळखी टीव्ही असेल, तर नेटफ्लिक्स आणि प्राइम व्हिडिओ दुकानातच उघडून दाखवायला सांगा. प्रमाणपत्र नसलेल्या टीव्हीवर ही अॅप्स चालतच नाहीत किंवा धूसर चित्र देतात. ४३ इंचात २ जीबी रॅम आणि ८ जीबी साठवण ही किमान मर्यादा. १ जीबीचा टीव्ही सुरुवातीला बरा चालतो, अॅप्स अद्ययावत होत गेली की अडखळू लागतो. तसे झाले तर टीव्ही बदलू नका, एचडीएमआयमध्ये अॅप्स चालवणारी छोटी स्टिक लावा. एचडीएमआयची तीन तोंडे हवीत. वाय-फाय ५ गीगाहर्ट्झचेही असावे, कारण दाट वस्तीच्या इमारतीत २.४ वर शेजाऱ्यांच्या राउटरांची गर्दी असते.

दुकानात जाताना पेन ड्राइव्ह न्या

दुकानातले टीव्ही 'स्टोअर मोड'वर असतात: भडक रंग, पूर्ण उजेड, आणि खास बनवलेले चित्रण. पेन ड्राइव्हवर एक पूर्ण राखाडी चित्र, एक पूर्ण काळे चित्र आणि क्रिकेटची एखादी एमपी४ क्लिप ठेवा. चित्राचा मोड 'स्टँडर्ड' किंवा 'मूव्ही' करायला सांगा. राखाडी चित्रावर उभे पट्टे किंवा मळकट डाग दिसले, तर मैदानावर कॅमेरा फिरताना हिरवळीवरही तेच डाग तरंगतील. काळ्या चित्रात कोपऱ्यांतून उजेड गळतो का ते पाहा. अर्थात तुम्हाला खोक्यातला दुसरा नग मिळणार, म्हणून हीच तपासणी घरी पहिल्याच दिवशी पुन्हा करा.

टीव्हीच्या पाठीवरची माहितीची पट्टीही वाचा. तिथे बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरोच्या) चिन्हाजवळ 'आर-' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो 'बीआयएस केअर' अॅपमध्ये टाकून पडताळता येतो. बीईईच्या (ऊर्जाबचतीच्या सरकारी संस्थेच्या) तारांकित लेबलवर वर्षाची युनिट्स दिलेली असतात. ३० वॉटचा फरक रोज पाच तासांनी वर्षाला सुमारे ५५ युनिट्स होतो, त्याला तुमच्या बिलातल्या दराने गुणा.

पैसे देण्याआधी

तुमच्या पिनकोडला त्या कंपनीचा तंत्रज्ञ येतो का, हे कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन करूनच विचारा. दुकानदाराच्या 'येतो, येतो'वर थांबू नका. पुण्या-मुंबईत जो टीव्ही उत्तम सौदा आहे, तोच तालुक्याच्या गावी महिनाभर बंद पडून राहू शकतो. पॅनेलची वॉरंटी वेगळी किती, हे लेखी घ्या. पडदा फुटला तर ती लागू होत नाही, आणि नवा पडदा घालणे सहसा परवडत नाही. 'नो कॉस्ट ईएमआय' घेताना प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी विचारा, शिवाय रोखीने किती सूट मिळाली असती तेही.

ऑनलाइन घेतला तर तंत्रज्ञ येईपर्यंत खोके फोडू नका, नाहीतर फुटलेल्या पडद्याचा दोष तुमच्यावर येतो. उघडताना मोबाइलवर चित्रण करा, त्यात सिरीयल क्रमांक दिसू द्या.

बसवल्यावर

जमिनीवरून पडद्याचा मध्य साडेतीन फुटांच्या आसपास ठेवा. प्लग अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटमध्येच लावा. मागे १००–२४० व्होल्ट लिहिले असेल तर स्टॅबिलायझरची सहसा गरज नसते, पण विजांसाठी सर्ज प्रोटेक्टर हवाच. वळवाच्या किंवा मोसमी पावसात गडगडाट सुरू झाला, की प्लगसोबत डिशची आणि इंटरनेटची केबलही काढा; वीज बऱ्याचदा त्याच वाटेने टीव्हीच्या सर्किट बोर्डात शिरते.

मग सेटिंगमध्ये जाऊन 'बॅकलाइट' ५० ते ६० वर आणा. 'ब्राइटनेस' ही वेगळी गोष्ट आहे, बऱ्याच टीव्हींत ती फक्त काळ्याची पातळी बदलते. स्वस्त टीव्हीतला सर्वांत नेहमीचा बिघाड म्हणजे आवाज येतो, चित्र नाही. बॅकलाइटच्या पट्टीतले एलईडी एकामागून एक जोडलेले असतात, एक उडाला की सगळी ओळ विझते. ते पूर्ण उजेडावर तापून उडतात, म्हणून कमी बॅकलाइटने आयुष्य वाढते. बिघाड झालाच तर पट्ट्या बदलता येतात. पॅनेल गेले असे कुणी सांगितले, तर पडद्याजवळ टॉर्च तिरका धरा. पुसट चित्र हलताना दिसले, तर पॅनेल शाबूत आहे.

डाग, मेलेले ठिपके किंवा उजेडाची गळती दिसली, तर बदलून देण्याची मुदत किती दिवसांची आहे ते बिलावर बघून त्या आतच लेखी तक्रार करा. दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तोवर खोके आणि थर्माकोल जपून ठेवा, कारण बदली टीव्ही देताना बिघडलेला टीव्ही मूळ खोक्यातच मागितला जातो.