कोकणात कम्युनिटी रेडिओसाठी निधी मागताय? या चुका टाळा

दिवाळी सरली की माझ्याकडे कम्युनिटी रेडिओचे, म्हणजे गावानेच गावासाठी चालवायच्या छोट्या एफएम केंद्राचे, चार-पाच प्रस्ताव वाचायला येतात. कधी संस्थेची माणसं स्वतः घेऊन येतात, कधी निधी देणारी कंपनी 'जरा नजर टाका' म्हणून पाठवते. गाव वेगळं, खाडी वेगळी, चुका मात्र त्याच. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर रेडिओचं काम करता करता सोळा वर्षं गेली, आणि कुलूप लागलेला स्टुडिओ पाहिला की अजूनही पोटात तुटतं. आत सगळं असतं. मिक्सर असतो, भिंतींना फोम असतो, दारावर देणगीदाराची पाटी असते. बोलायला माणूस नसतो.

प्रशिक्षण म्हणजे एक शिबिर

अंदाजपत्रक उघडा. ट्रान्समीटर, अँटेना, मनोरा, मायक्रोफोन, वातानुकूलन यांच्या ओळींनी दोन पानं भरलेली असतात. तळाला एक ओळ: 'स्वयंसेवक प्रशिक्षण, ५ दिवस, ३० जण.' पुढच्या तीन वर्षांत 'प्रशिक्षण' हा शब्द पुन्हा सापडत नाही. या एका ओळीमुळे जितकी केंद्रं बसलेली मी पाहिली, तितकी दुसऱ्या कुठल्याही कारणाने नाही.

एक प्रसंग सांगते. मालवणी मुलखातलं खाडीकाठचं गाव. संस्थेला एका कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीतून, पैसे मिळाले होते आणि मार्चअखेरीच्या आत ते खर्चात दाखवायची घाई झालेली. पैसे आगाऊ दिले गेले आणि शिबिर ठेवलं मेच्या पहिल्या आठवड्यात. मुंबईहून प्रशिक्षक आले, चोवीस जणांनी नावं दिली, टी-शर्ट वाटले गेले, प्रमाणपत्रं झाली, फोटो कंपनीच्या अहवालात गेले. मला बोलावलं सप्टेंबरात, केंद्र सुरू होऊन दोन महिने झाल्यावर. तेव्हा चोवीसांतले चार जण येत होते.

मी यादी घेऊन घरोघर फिरले. अकरा जण चाकरमान्यांची मुलं निघाली. सुट्टीत आजोळी आलेली, जूनमध्ये शाळा-कॉलेज उघडताच परत गेलेली. हे नाव नोंदवतानाच कळलं असतं, पण विचारलं कुणी नाही. तिघांची आंब्याची कामं चालू होती. ते दोन दिवस आले आणि उरलेले तीन दिवस पेट्या भरत होते. दोघींची लग्नं झाली. आणि एक मासेविक्री करणारी ताई होती, तिचा आवाज मी त्या शिबिराच्या रेकॉर्डिंगमध्ये ऐकला होता. बाजारातल्या दरांबद्दल ती इतकी मोकळी बोलली होती की शिकवण्यासारखं फार काही उरलंच नव्हतं. ती का येत नाही म्हणून विचारलं, तर म्हणाली, "बाई, माका येवक व्हया होता, पण परत जातलंय कशान? साडेपाचाची एस्टी गेली की दुसरी सकाळीच." केंद्राची बैठक सहाला ठेवलेली होती. तिच्यासाठी रिक्षाचे दीडशे रुपये द्यायला अंदाजपत्रकात रकाना नव्हता. ट्रान्समीटरला होता.

त्यानंतर मी स्वतःला काही सवयी लावून घेतल्या. त्यांना पद्धत म्हणा किंवा हट्ट म्हणा.

पाच दिवसांचं सलग शिबिर मी घेतच नाही. महिन्यातून दीड दिवस, असं वर्षभर, कामाचे हंगाम टाळून. दोन बैठकींच्या मध्ये प्रत्येकाने एक रेकॉर्डिंग करून आणायचं, कितीही ओबडधोबड चालेल. तिसऱ्या महिन्यापर्यंत जे टिकतात तेच पुढे टिकतात. दहा माणसं हवी असतील तर तीसांपासून सुरुवात करते आणि गळती प्रस्तावात आधीच लिहिते. देणगीदाराला ते वाचायला आवडत नाही. तरी लिहिते.

तारखा गावाच्या पंचांगावरून ठरवते. जुलैत भातलावणी, भाद्रपदात गणपती, ऑक्टोबरात कापणी, फाल्गुनात शिमगा आणि पालखी, पुढे मेअखेरपर्यंत आंबा-काजू. या दिवसांत कोकणातला माणूस तुमच्या स्टुडिओत बसणार नाही आणि त्याने बसूही नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपले महिने. कोळी बांधवांसाठी मात्र उलट. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा ते किनाऱ्यावर असतात. त्यांची तुकडी मी पावसातच घेते.

प्रवासखर्च आणि जेवण त्याच दिवशी, रोख, सही घेऊन. बारा स्वयंसेवक, प्रशिक्षण आणि केंद्राचं काम मिळून महिन्याला चार दिवस, दिवसाला १५० रुपये धरले तर वर्षाला ८६,४०० रुपये होतात. ट्रान्समीटरवर लाखो रुपये मागणारा माणूस एवढी रक्कम लिहिताना का कचरतो, ते मला आजवर समजलेलं नाही. स्वयंसेवक म्हणजे फुकट, ही समजूत डोक्यातून काढून टाका. तो मजुरी मागत नाही, पण एक रोज बुडवून येतो.

आणि माणसं निवडताना जी गावातच राहणार आहेत ती आधी बघा. सासर गावात असलेल्या बायका, किराणा दुकानदार, निवृत्त एस्टी चालक, अंगणवाडी सेविका. कॉलेजची मुलं हवीतच, पण ती दोन वर्षांनी मुंबई-पुण्याला जाणार हे धरून. म्हणून प्रत्येक स्वयंसेवकाने वर्षात एक तरी माणूस तयार करायचा, ही माझी अट असते. केंद्राच्या सल्लागार आणि आशय समितीत निम्म्या महिला असाव्यात असं केंद्र सरकारच्या २०२४च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांत आलं आहे. समितीत नुसती नावं घालण्यापेक्षा बैठकीची वेळ बदला, बायका आपोआप येतील.

घाई करणाऱ्यांना मी तेलंगणातल्या माचनूरचं उदाहरण देते. तिथल्या संघम रेडिओच्या दलित महिला २००८ साली हवेत आल्या. त्याआधी सुमारे दशकभर त्या रेकॉर्डिंग शिकत होत्या आणि कॅसेट गावच्या बैठकांत ऐकवत होत्या. परवाना मिळाला तेव्हा शिकवायला काही उरलं नव्हतं. तुम्हालाही परवान्याची वाट पाहत बसायचं कारण नाही. मोबाइलवर रेकॉर्ड करा, बचत गटाच्या बैठकीत स्पीकरवर ऐकवा, लोक कुठे कंटाळतात ते बघा. याला ना मनोरा लागतो ना लहरी. सहा महिने हे केलेली संस्था आली की तिचा प्रस्ताव मी वेगळ्या नजरेने वाचते.

कातळावर अर्थिंग

दुसरी चूक तांत्रिक आहे, पण मुळाशी पैशाचीच आहे.

एफएमच्या लहरी डोंगर ओलांडत नाहीत. कम्युनिटी रेडिओला १०० वॅट प्रभावी शक्तीची आणि ३० मीटर उंचीच्या मनोऱ्याची मर्यादा. सपाट देशावर यातून दहा-पंधरा किलोमीटर आवाज जातो. आपल्याकडे मधे डोंगर आला की पलीकडची वाडी मुकी. म्हणून सगळे सड्यावर, म्हणजे उंचावरच्या सपाट कातळावर, जागा शोधतात आणि ते बरोबरच आहे. पण सडा म्हणजे जांभा, जांभ्यावर बोटभर माती आणि मेमध्ये ती माती कोरडीठाक. वीज जमिनीत मुरायला जागाच नाही.

एका केंद्राचं अर्थिंग, म्हणजे वीज जमिनीत उतरवणारी जोडणी, जुलैत तपासलं गेलं होतं, सगळीकडे पाणी असताना. आकडा उत्तम आला. ठेकेदाराने खड्डा दोन फूट खणला, खाली कातळ लागला, तिथेच पत्रा ठेवून मीठ-कोळसा घातला आणि फोटो काढला. पुढच्या मेअखेर वळवाच्या पावसात वीज पडली. ट्रान्समीटर गेला, मिक्सर गेला, संगणकही गेला. विमा नव्हता. देणगीदाराने सांगितलं, उपकरणं एकदाच मंजूर होतात. केंद्र पाच महिने बंद राहिलं आणि त्या पाच महिन्यांत नव्याने तयार झालेल्या नऊ जणांतले सहा निघून गेले. यंत्र दुरुस्त होऊन आलं. माणसं आली नाहीत. त्यातल्या एका मुलाला मी स्वतः हात धरून एडिटिंग शिकवलं होतं. आज तो पनवेलला गोदामात काम करतो.

तेव्हापासून अर्थिंगची मोजणी मी मेमध्येच करून घेते. विद्युतरोधाचा काटा ५ ओहमच्या वर दिसला तर कागदावर सही करत नाही, ठेकेदार कितीही रागावला तरी. कातळावर एका खड्ड्याने भागत नाही. तीन-चार खड्डे तांब्याच्या पट्टीने जोडायचे आणि जमलं तर पट्टी उतारावरच्या मातीपर्यंत, विहिरीच्या कडेपर्यंत न्यायची. पट्टी महाग पडते. जळालेला ट्रान्समीटर अधिक महाग पडतो. ढग गडगडायला लागले की प्रक्षेपण थांबवून अँटेनाची केबल काढून ठेवायची, हे प्रत्येक स्वयंसेवकाला पहिल्या बैठकीत शिकवते. माइकसमोर कसं बोलायचं ते त्यानंतर.

खाऱ्या हवेबद्दल थोडक्यात. मनोऱ्याचे नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे, सांध्यांना टेप, आणि पावसाआधी दर वर्षी सगळे कनेक्टर उघडून साफ. याचा खर्च 'देखभाल' म्हणून दर वर्षी मागा. पहिल्या वर्षी मागून विसरू नका.

बॅटरी बॅकअपला 'चैन' म्हणणाऱ्यांनी ३ जून २०२० आठवावा. निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरजवळ आदळलं, तेव्हा दापोली-मंडणगडपर्यंत वीज गेली, मोबाइल गेले आणि कितीतरी गावांत वीज यायला आठवडे लागले. वर्षभरात तौक्ते आलं आणि २२ जुलै २०२१ला चिपळूण पाण्याखाली गेलं. रेडिओची सगळ्यात जास्त गरज असते त्याच दिवशी केंद्र बंद असेल, तर गाव ते विसरत नाही.

जाहिरातींचं स्वप्न

'तिसऱ्या वर्षापासून केंद्र स्वतःच्या पायावर उभं राहील' हे वाक्य मी इतक्या प्रस्तावांत वाचलं आहे की आता थेट हिशेबाचं पान उघडते. २०२४पासून तासाला १२ मिनिटं जाहिरात करता येते, आधी ७ मिनिटं होती. सरकारी जाहिरातीचा दर १० सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ झाला. मग कुणीतरी कॅल्क्युलेटर घेतो: तासाला ५,३२८ रुपये, दिवसाला आठ तास, वर्षाला दीड कोटीच्या वर. एक तरुण मला हे अगदी उत्साहाने दाखवत होता. त्याच्या गावात किती दुकानं आहेत, असं मी विचारलं. सत्तावीस.

सरकारी जाहिरात सलग येत नाही आणि आली तरी बिलाचे पैसे लगेच हातात पडत नाहीत. दुकानदार, लॉजवाले, नर्सरीवाले देतात ते सणासुदीच्या शुभेच्छांचे काही शे रुपये. उत्पन्नाच्या रकान्यात मी पहिल्या दोन वर्षांत जाहिरातीचे शून्य रुपये धरते. त्याऐवजी ग्रामपंचायत, मच्छीमार सोसायटी, मुंबईतलं ग्रामस्थ मंडळ यांच्याकडून वर्षाची ठरलेली वर्गणी लेखी घेते. मुंबईच्या मंडळाकडे जायला संकोचू नका. गावातलं भजन, दशावतार, नमन-खेळे रेकॉर्ड होणार म्हटलं की ते आपुलकीने देतात.

पैसा कुठून आणि किती काळ

सीएसआर एका वर्षाचा मागू नका. 'चालू प्रकल्प' म्हणून मागितला तर सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं कंपनी खर्च करू शकते, आणि माणसं तयार व्हायला तेवढा काळ लागतोच. संस्थेची सीएसआर-१ नोंदणी, म्हणजे सीएसआर निधी घेण्यासाठीची सरकारी नोंदणी, आधी करून घ्या. १ एप्रिल २०२१पासून त्याशिवाय पुढे सरकत नाही.

कम्युनिटी रेडिओसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेचा आधार मुख्यतः उपकरणांना असतो. तो घ्या आणि इतर देणगीदारांकडे फक्त माणसांसाठी मागा. सगळे उलट करतात.

परदेशी देणगीचं आमिष आलं तर थांबा. २०२०च्या दुरुस्तीनंतर एक संस्था परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवू शकत नाही. 'मुंबईची मोठी संस्था घेईल आणि आम्हाला देईल' हा मार्ग बंद आहे. असा सल्ला देणाऱ्या सल्लागाराला दारातूनच परत पाठवा.

परवान्याआधी सरकारकडून मिळणाऱ्या इरादापत्राची मुदत आता एक वर्षाची, अडचण आलीच तर वर तीन महिने. कोकणात पावसाचे चार महिने मनोरा उभा करता येत नाही, म्हणजे हातात आठच महिने. इरादापत्र आल्यावर निधी शोधायला निघालेल्यांची धावपळ मी पाहिली आहे.

प्रसारित केलेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावा लागतो. हार्ड डिस्क दोन घ्या.

इंग्रजी प्रस्ताव विकत घेऊ नका. मागच्या वर्षी एकात 'दुष्काळी भागातील ऊस उत्पादक' असं वाचलं. गाव वेंगुर्ल्याजवळचं होतं. प्रस्ताव आधी मराठीत, स्वयंसेवकांसोबत बसून लिहा आणि त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. त्यांच्या नावाने तुम्ही काय कबूल करताय ते त्यांना कळलं पाहिजे. परवा अशाच एका वाचनात एक आजी मधेच म्हणाल्या, "रोज चार तास? आमच्याकडे दोनच तासांचा बोलणा असा." आम्ही तिथल्या तिथे चाराचे दोन केले, वीजबिलाचा आकडा खाली आणला आणि उरलेले पैसे प्रवासखर्चात टाकले.